मुद्दाम चुकवलेला नेम

नवरा गेला तेव्हा वहिनी रडली नाही. नातेवाइकांत त्यावर थोडी कुजबुज झाली आणि ती यथावकाश विरली. दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. लवकरच ती कामावर परतली, मेणात दात बसवू लागली, वरचा जबडा खालच्यावर नीट मिटतो की नाही ते दोन्हींमध्ये कागद धरून तपासू लागली. कोणी विचारलंच तर "बरी आहे" म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. बरं आणि वाईट यांच्यातली सीमाच तिच्यापुरती पुसली गेली होती. चहा गार झाला तरी ती तो गरम असल्यासारखी फुंकर घालून पिई.

तिला पूल खेळायला, म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल कडेच्या पॉकेटांत घालायला, ओढलं ते नणंदेने. नणंद मोटार चालवायला शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. एका लॉन्ड्रीच्या वर पूलचा हॉल होता; खालच्या इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येई आणि टेबलाच्या हिरव्या कापडाला कायम किंचित दमट वास असे. त्या हॉलच्या संघात मास्तरीण खेळायची, आणि तिचा सरावाचा जोडीदार होता तिचा सख्खा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा. तो गेल्यावर काही आठवडे मास्तरीण टेबलाकडे फिरकली नाही. मग एका संध्याकाळी थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"चल. दादाचा क्यू कोपऱ्यात उभा राहून वाकेल."

"मला कुठे येतं?"

"त्याला तरी कुठे येत होतं? नुसता तोरा."

वहिनी गेली, कारण नाही म्हणायलाही काही तरी वाटावं लागतं.

मेणावर केसाएवढी रेघ ओढणारा तिचा हात पूलच्या टेबलावर मात्र परका झाला. मेण जिथे ठेवावं तिथे राहतं. बॉल राहत नाही. पट्टेवाला बॉल पॉकेटच्या कडेवर डुलायचा आणि बाहेरच थांबायचा. मास्तरीण समोरून सूचना द्यायची, "मागचा हात सैल सोड, वहिनी, दात काढत नाहीयेस तू कुणाचे." हळूहळू वहिनी सरळ रेषेतले बॉल घालू लागली. पुढे पुढे तर डाव अटीतटीचे होऊ लागले, अधूनमधून ती जिंकूही लागली. हॉलमधली मंडळी चेष्टा करत, "वहिनी, आम्हालाही शिकवा की!" जिंकूनही तिला काही वाटत नसे. हे दुःखाचंच एक रूप असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

संघाची निवड जवळ आली तेव्हा हॉलचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, काउंटरमागून मास्तरणीला म्हणाले, "तुझा खेळ मऊ पडलाय. इथे खेळायला येणारा तो टायरवाला तुझ्या जागेवर डोळा ठेवून बसलाय. कप्तानाबरोबर सराव कर."

"मला जोडीदार आहे, काका."

"जोडीदार आहे, कबूल. सराव कुठे आहे?"

वहिनी शेजारीच क्यूच्या टोकाला खडू लावत होती. त्या दिवशी तिने प्रथमच आपल्या बॉलांऐवजी मास्तरणीचे चुकलेले फटके पाहिले. खरोखर चुकलेला फटका कुणाची पर्वा करत नाही. ज्याने बाकीचे बॉल मारायचे तो पांढरा बॉल मग कुठेही भरकटतो, टेबलाच्या कडेला चिकटतो, दुसऱ्याच्या मागे दडतो. मास्तरणीचा नेम चुकला की पांढरा मात्र दर वेळी शहाण्यासारखा घरंगळत येई आणि वहिनीच्या एखाद्या सोप्या बॉलसमोर थांबे. एकदा तो योगायोग म्हणता आला असता.

वहिनीने क्यू टेबलावर आडवा ठेवला. "कधीपासून चुकवतेस?"

"काय?"

"ही तुझी शिकवणीची गाडी नाही. इथे तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक नको मला."

मास्तरीण आधी हसली, मग हसणं अर्धवट सोडून म्हणाली, "तू हरलीस की लगेच घरी निघतेस. त्या बंद घरात. मग लांबवते मी डाव. झालं समाधान?"

"आणि तुझी जागा गेली तर?"

"जाऊ दे."

"जाऊ दे कशी? ती माझ्यापायी जाईल. मला न विचारता."

दोन असमान माणसांनी एकत्र काही करायचं तर सवलत अटळ असते; प्रश्न ती उघड की झाकलेली एवढाच. उघड सवलतीवर भांडता येतं, घासाघीस करता येते, ती नाकारताही येते. झाकलेली सवलत घेणाऱ्याला यांपैकी काहीच करता येत नाही. आपण खेळत आहोत असं त्याला वाटत असतं, आणि त्याला फक्त सांभाळलं जात असतं. वहिनीला हे अशा शब्दांत सुचलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "काय द्यायचं ते बोलून दे."

मग दोघींनी टेबलाच्या कडेला टेकून सौदा केला. वहिनीची पाळी येईल तेव्हा तिने पांढरा बॉल हाताने हवा तिथे ठेवायचा. मास्तरणीने जीव तोडून खेळायचं.

"आणि शेवटचा काळा मी न सांगता कुठल्याही पॉकेटात घालणार," वहिनी म्हणाली.

"अजिबात नाही. पॉकेट बोलून घालायचा."

"कंजूस."

"सासरची आहे मी तुझ्या."

त्यानंतर वहिनी बहुतेक वेळ उंच स्टुलावर बसून राहू लागली. मास्तरीण एकामागून एक बॉल घालत टेबल मोकळं करी, आणि एक चूक झाली की वहिनी पांढरा उचलून नेमका मोक्याला ठेवणार या धास्तीने तिचा खेळ पुन्हा कडक होऊ लागला. वहिनी हरायची, नव्या डावासाठी बॉल परत त्रिकोणात भरायची, मास्तरीण पहिल्या फटक्याने ते फोडायची आणि वहिनी स्टुलावर जाऊन बसायची.

पण उशीर झालाच होता. निवडीच्या दिवशी शेवटच्या डावात मास्तरणीचा काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी दोनदा आपटून बाहेर राहिला. टायरवाल्याने तो आरामात ढकलला आणि संघातली जागा त्याची झाली. काकांनी मास्तरणीच्या खांद्यावर हात ठेवला. तो झटकून ती निघून गेली.

पुढच्या सरावाच्या संध्याकाळी ती येणार नाही असं वहिनी धरून चालली होती. तरीही स्वतः हॉलवर जाऊन बसली. मास्तरीण आली, ओला रेनकोट खुर्चीवर टाकला आणि वहिनीकडे न पाहता म्हणाली, "तुझ्यामुळे गेली जागा."

"थोडीफार."

"थोडीफार नाही. बरीच. तीन महिने मी खेळलेच नाही."

"मी सांगितलं होतं चुकव म्हणून?"

"नाही. तरीही तुझ्यामुळेच."

"बरं," वहिनी म्हणाली. "माझ्यामुळे."

हे बोचायला हवं होतं, हे तिला कळत होतं. बोचलं नाही. मात्र नवरा गेल्यापासून कोणी तिच्याशी असं, शब्द न तोलता, बोललं नव्हतं. तिने बॉल त्रिकोणात भरले, बोटांनी पुढे रेटून घट्ट केले आणि त्रिकोण उचलला.

"फोड," ती म्हणाली.