दप्तरखान्यातलं माहेर

मोठीआई दप्तरखान्यात शिरताना चपला दाराबाहेर काढायची. आत कपाटं, बासनं आणि झुरळं; पण ती उंबऱ्याला हात लावून कपाळाला न्यायची. शिपाई हसला तर म्हणायची, "हास बा. तुहे मायबाप घरी हायेत. माहे या कपाटात हायेत."

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. राहायची लाखनीला. मी भंडाऱ्याला नकलनवीस होतो, म्हणजे मागेल त्याला जुन्या सरकारी नोंदीची नक्कल करून देणारा. सत्तरचं दशक होतं, नोकरी नवी होती. दर बुधवारी ती पहिल्या बसने यायची, लाखोरीच्या डाळीचे वडे पळसाच्या पानात बांधून. पहिला वडा मला नाही, शिपायाला. "चाबी त्याच्यापाशी असते," म्हणायची.

तिची हकिकत दोन ओळींची. सन १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत घरंच्या घरं आडवी झाली, तेव्हा फागू नावाच्या गाडीवानाने तुमसरकडून दीड वर्षाची पोर आणून लाखनीच्या एका निपुत्रिक जोडप्याच्या ओटीत घातली. बापाचं नाव सोमा, एवढं सांगून तो गेला. पोर वाढली, नांदली, तिला मुलं झाली. पाळणारे दोघं मागे कोणी न ठेवता गेले. आमच्याकडे बाई गेली की अखेरचं लुगडं माहेरचं लागतं, आणि हिला ते आणणारं कोणी उरलं नाही.

"वर गेल्यावर विचारतीन, कोणाची लेक? मी काय सांगू, तहसीलची?"

कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वह्यांत मुलाचं नाव नसे. गाव, तारीख, बापाचं नाव, मुलगा की मुलगी, संपलं. आणि सोमा तर गावोगाव. एकेक सोमा बाद झाला की ती म्हणायची, "जाऊ दे, त्याचं लक्षण मले पटलंच नोव्हतं."

दोन वर्षं असं चाललं. एका बुधवारी मला तीनच्या सिनेमाला जायचं होतं. मित्र बाहेर सायकलची घंटी वाजवून राहिले होते आणि मोठीआई भिंतीला टेकून बसली होती. मी हाताला लागलं ते पान उघडलं. मौजे बपेरा, बाप सोमा, धानाच्या रोवणीच्या दिवसांतला जन्म, मुलगा. मी मोठ्याने वाचलं, मुलगी.

तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि शाई पुसली जाईल म्हणून लगेच उचललं. पदराने डोळे टिपले. मी सिनेमाला गेलो. कोणता होता ते आठवत नाही.

वाटलं, बपेऱ्यात कोणी ओळख देणार नाही, परत आली की म्हणू, दुसरा सोमा असेल. पुढच्या बुधवारी ती कोरं लुगडं नेसून दारात उभी.

"भाऊ भेटला, बाबू. दसरू नाव. थोही त्याच सालचा, थोही रोवणीतलाच. जुळे निघालो आम्ही! नाक पाहिजो त्याचं, माह्यासारखंच."

ज्या मुलाची नोंद मी फिरवून वाचली होती, तोच तिचा भाऊ झाला होता. दसरूमामाजींना बहीण असल्याचं कोणी कधी सांगितलं नव्हतं. पण "मानमोडीत कोणाचं काय झालं, कोणं सांगावं" म्हणत त्यांनी तिला पाटावर बसवलं होतं.

मग दर भाऊबीजेला ते नव्या धानाचे पोहे घेऊन लाखनीला यायचे आणि दोघं भांडायचे.

"थोरली मी हावो. मी पयले आली."

"तू कायची थोरली वं? थोरला मी. बाबू, वहीत कोण पयलं हाये?"

मी चहा आणायला उठायचो.

चार-पाच वर्षांनी दुसऱ्याच कोणाचं काम करताना खरी ओळ समोर आली. गाव वेगळं, सोमा, मुलगी. साथीच्या एकाच आठवड्यात सोमा, त्याची बायको आणि म्हातारी, तिघं गेलेले. खबर देणारा, फागू गाडीवान. शंकेला जागा नव्हती. मुलीच्या तीन वर्षं आधी त्या घरी एक मुलगाही जन्मला होता. त्याच्या मृत्यूची नोंद मला दिसली नाही.

मी बासन बांधलं. तिचं सुख मोडू नये म्हणून, असं स्वतःला सांगत आलो. खरं तर मला माझी अब्रू वाचवायची होती.

मोठीआई गेली ती ऐन रोवणीत. आंघोळ घालून झाली, बायका लुगड्यासाठी खोळंबल्या, आणि तुमसरची बस येईना. "किती वाट पाहावं?" म्हणत कोणी पेटीतलं कोरं लुगडं काढलं. चारचौघांत कधी न बोलणारा मी म्हणालो, "थांबा." तासाभराने दसरूमामाजी आले. गुडघ्यापर्यंत धानाच्या बांधीचा चिखल, काखेत लुगडं. ते स्वतःच्या हाताने तिच्या अंगावर घालत म्हणाले, "घे वं. थोरली तूच."

तेरवीला त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाबू, त्या पानाची नक्कल देजो. आमी दोघंही एका ठिकाणी हावो ना त्याच्यात."

यावेळी मी खरी नक्कल केली आणि बपेऱ्याला नेऊन दिली. नातवाने अंगणात वाचून दाखवली. सोमा, मुलगा, एक. मी खाली मान घालून बसलो.

"एकच लिहिला," मामाजी म्हणाले. "दोन लिहाले हात दुखला असन कोतवालाचा." कागदाची घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली आणि मला पोहे वाढा म्हणून आत हाक दिली.

अजूनही भाऊबीजेला मी त्यांच्याकडे जातो. बपेऱ्याच्या तीन थांबे अलीकडे खऱ्या नोंदीतलं ते दुसरं गाव लागतं. बस थांबते. वडाखाली म्हातारे बसलेले असतात. मी खिडकीतून एकेकाचं नाक पाहतो. उतरत नाही.