काकांच्या वाटणीची भाजी

"देख, ही भाजी माझी आहे. तू हात लावायचा नाही," असं बजावत काका मुलाच्या ताटातली वाटी स्वतःकडे ओढायचे, आणि ते मूल ती परत ओढून घ्यायचं.

काका माझ्याच बँकेत, मला सीनियर, आणि नानाखेड्याच्या कॉलनीत आमच्या समोरच राहायचे. तेव्हा नुकतंच केबल आलं होतं. टावर चौकातल्या दुकानांवर चिप्सच्या पाकिटांच्या माळा लटकू लागल्या होत्या, आणि आमच्या पोरांनी गिलकी, कद्दू, पालक सगळ्यांशी कट्टी घेतली होती. ज्या घरात जेवताना रडारड होई, तिथून काकांना बोलावणं जाई.

काका येऊन मुलाशेजारी मांडी घालून बसत. गिलकीची, म्हणजे आपल्या घोसाळ्याची, फोड अशी डोळे मिटून चघळत की मलाच वाटे, आज भाजी इतकी छान जमली की काय! माझी मुग्धा हट्टात तिच्या आजीच्या वरताण. पण काका आले की वाटी चाटूनपुसून साफ. "काका रोज खातात," हे ती शाळेतही सांगायची. काकू मात्र हे ऐकून पदराआड हसायच्या. ते हसू आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी गणपतीत मंडळाची पंगत होती. मुलांची रांग मोठ्यांच्या समोरच बसली होती. काकू लाल भोपळ्याची, म्हणजे आमच्या कद्दूची, भाजी वाढत आल्या, प्रत्येक पानाशी वाकल्या, आणि काकांपाशी न थांबता सरळ पुढच्या पानाकडे गेल्या. सगळ्या संसाराची सवय, दुसरं काय!

मुग्धानं ते बरोबर टिपलं. "काकू, तुम्ही काकांना भाजी नाही दिली."

"ते कुठे खातात गं? घरी तर एकही भाजी नाही खात," काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मुग्धानं आपली भाजी बोटानं पानाच्या कडेला सारली. शेजारच्या पोरानंही सारली. बघता बघता अख्खी रांग भाजी सारून बसली. आम्ही सगळ्या आया काकांकडे बघू लागलो. काका आता एखादी झकास थाप मारतील, या आशेवर मी होते.

"खरी बात आहे," काका म्हणाले. "मला भाजी बिल्कुल नाही आवडत. तुमच्याकडे येऊन नाटक करायचो." मग त्यांनी पान काकूंपुढे सरकवलं. "वाढ."

काकूंनी वाढली. अशी वाढली की आजवर परत आलेल्या सगळ्या वाट्या एकदम वसूल झाल्या. या वेळी काकांनी डोळे मिटले नाहीत. तोंड वेडंवाकडं करत त्यांनी शेवटची फोडसुद्धा गिळली. पोरं खदाखदा हसली आणि हसता हसता जेवली.

पुढे सगळं उलटंच झालं. संध्याकाळी मुग्धा समोर जायची, काकांच्या ताटापाशी बसायची आणि भाजीची वाटी ओढायची. "ही माझी आहे, तुम्ही हात नाही लावायचा." काका वाटी दोन्ही हातांनी धरून ठेवत. आपण इतकी वर्षं उगाच विनवण्या केल्या, असं काकू म्हणायच्या.

काका अचानक गेले. त्यांची आठवण आली की मला अजूनही आधी हसूच येतं.

पुढच्या गणपतीत पंगतीला मुग्धा मुलांची रांग सोडून काकांच्या जागी जाऊन बसली. काकू भाजी वाढत तिथवर आल्या आणि थांबल्या. त्यांनी तिला डावभर भाजी वाढली.

मुग्धानं पान आणखी पुढे सरकवलं. "काकांची राहिली," ती म्हणाली.