प्रवाळाला ऊन लागलं

आमच्या घरात समुद्र आहे, असं मी नवीन पाहुण्यांना सांगतो. नळदुर्गात, हायवेपासून दोन गल्ल्या आत, हॉलमधल्या टेबलावर, तीन फूट लांब. पाहुणे हसतात, काचेला नाक लावतात आणि विचारतात, "खरंच खारट हाय का हो?" थोरल्या भावाच्या व्याह्यांनी तर बोट बुडवून चाखून बघितलं होतं.

हा समुद्र माझ्या मुलीचा. कॉलेजात असताना तिनं तो हट्टानं उभा केला आणि पुण्यात नोकरी लागताच माझ्या गळ्यात टाकून गेली. त्यात दोन मासे, थोडे खडक, आणि एका खडकावर प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी तोंडं, प्रत्येकाला बारीक झालर, साठ-सत्तर तरी असतील. उजेड आला की उघडतात, काही बिनसलं की मिटून बसतात. पुण्यातल्या मैत्रिणीकडून मिळालेलं ते प्रवाळ तिनं पाण्याच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. जाताना म्हणाली, "पप्पा, मासे गेले तर नवीन आणता येतील. हे तेवढं जपा."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तेव्हा जपायला लायक माणूस, असा तिचा समज. माझाही होता.

दसऱ्यानंतर टाकीवरचा विकतचा लाइट गेला. मी वर घरातला साधा बल्ब टांगला. त्याचा उजेड पुरेना, महिनाभरात ती तोंडं माना लांब करून बल्बाकडं बघायला लागली. मुलगी फोनवर म्हणाली, "मी तयार लाइट मागवते." मी म्हणालो, "कशाला? मी बनवतो." आतून बायको ओरडली, "आधी तो मिक्सर जोडा, मग समुद्र."

मिक्सरचा विषय वेगळा आहे. तो मी उघडला होता, एवढंच.

फॅब्रिकेशनच्या दुकानातून ॲल्युमिनियमचा जाड पट्टा कापून आणला. सोलापुरात जाऊन बारा निळे आणि बारा पांढरे एलईडी आणले, नखाएवढे. ते फार तापतात, म्हणून त्यांच्याखाली एक पांढरी पेस्ट लावून पट्ट्यावर बसवायचे, म्हणजे उष्णता पट्ट्यात उतरते. मी काडीनं पेस्ट लावत होतो तेव्हा बायको बघून गेली. "माझी कंबर महिनाभर दुखतीय, आन् दिव्याला मलम लावायलेत." मग वायरी जोडायला डाग द्यायला बसलो, तर कथील चिकटेना. सगळी उष्णता पट्टाच पिऊन टाकायचा. सगळे एलईडी उपटून, आधी डाग देऊन, परत बसवले. लावून बघतो तर निळी रांग पेटली, पांढरी गप्प. दोन दिवस शोधलं. एक एलईडी उलटा बसवला होता. एकसर जोडणीत एक अडला की सगळे अडतात, हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालतो आणि चुकणाऱ्यांना वर्गात उभं करतो.

हे सगळं क्षुल्लक. खरी चूक दुकानातच झाली होती, एलईडींना वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, घेताना. दुकानदारानं विचारलं होतं, "सर, उजेड कमी-जास्त करायचं बटण असलेला ड्रायव्हर देऊ का बिनबटणाचा?" मी म्हणालो, "कमी कशाला करायचा? वाढवायलाच तर आलोय."

रविवारी सकाळी दहाला लाइट लावला. हॉल निळा झाला. बायको म्हणाली, "ढाब्यावर बसल्यागत वाटायलंय." पण खडकावरची हिरवी बटणं अशी चमकली की तीही दोन मिनिटं पोळ्या सोडून उभी राहिली. मी मुलीला व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन. "पप्पा, भारी! हळूहळू वाढवताय ना पण?"

मी "हो हो" म्हणालो. काय हळूहळू वाढवायचं, ते विचारलं नाही. विज्ञानाच्या मास्तरनं कसं विचारायचं?

मंगळवारी तोंडं मिटली. शुक्रवारपर्यंत त्यांचा हिरवा रंग उतरून पिठासारखा झाला. मी पाणी बदललं, पंपाचं तोंड फिरवलं, मीठ मोजलं, परत पाणी बदललं. लाइटवर मात्र संशय नाही, कारण तो मी बनवला होता. खुर्चीत बसलो की उठायचो. भाकरीचा तुकडा हातात घेऊन टाकीपाशी जायचो. शाळेतून मधल्या सुट्टीत घरी फोन, "उघडलं का?" बायको म्हणायची, "न्हाय. आन् आता परत फोन करू नका, मला बी कामं हायत." स्टाफरूममधल्या बाईंनी अखेर विचारलं, "सर, काही दुकान-बिकान काढलंय का?"

येळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, जवळ आली होती. आमच्याकडं त्या दिवशी सगळं घर शेतात असतं. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मुलगी त्यासाठी येणार होती, आणि आल्याबरोबर आधी टाकी बघणार होती. मी तिला काहीच कळवलं नव्हतं.

येळवसचं ठरवायला जळकोटहून थोरले भाऊ आले. आमची शेती तेच बघतात, मिरचीच्या रोपांची नर्सरीही त्यांचीच. चहा पिता पिता त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"ह्ये काय रे एवढं? डोळं जातील की."

"प्रवाळाला लागतं, अण्णा."

"आधी किती हुतं?"

मी बल्ब दाखवला. अण्णांनी बल्बाकडं बघितलं, लाइटकडं बघितलं, मग माझ्याकडं. "शेडनेटमधलं रोप काढून एकदम उन्हात ठिवलं तर काय हुतंय?"

"करपतंय."

"मग?"

"अण्णा, हे रोप नाही. प्राणी आहे."

"मग तर लईच वाईट केलंस की."

बायको हसली नाही, यावरून प्रकरण कुठवर गेलंय ते मला कळलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याच्यावरच ते जगतं, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. म्हणजे थोडंफार रोपच. अण्णांनी मोटारसायकलच्या डिकीतून हिरव्या शेडनेटचा तुकडा काढला, चार पदरी घडी करून टाकीवर पसरला. "आठ-आठ दिसानं एकेक पदर काढ. त्याच्या आधी हात लावू नको."

तिसऱ्या दिवशी कडेची पाच तोंडं उघडली. मला राहवेना. मी एक पदर काढला. दुपारपर्यंत पाचही मिटली. बायकोनं पदर परत घातला आणि वर पोळपाट ठेवला. हात लावला तर आवाज व्हावा म्हणून.

येळवसच्या सकाळी मुलीला आणायला स्टँडवर गेलो. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. वाटेत मी थंडीबद्दल बोललो. घरी आल्यावर तिनं पाठीवरची बॅगसुद्धा न उतरवता पोळपाट बाजूला केला, नेट उचललं आणि वाकून बघत राहिली. निम्म्याहून जास्त बटणं पांढरी. मी एका दमात सगळं सांगितलं, बिनबटणाचा ड्रायव्हर, अण्णा, मधेच काढलेला पदर, आणि तिच्याशी खोटं बोललो तेही.

"विचारायचं ना पप्पा," ती म्हणाली. बस. रागावली असती तर बरं झालं असतं.

शेतात तिनं माझ्याशेजारी ताट घेतलं नाही. अण्णांबरोबर नर्सरीकडं गेली. रोपं बाहेर काढायला किती दिवस लावता, पहिल्यांदा सकाळचं ऊन देता का संध्याकाळचं, असं विचारत होती, आणि अण्णा मला कधी सांगितलं नाही इतक्या बारकाईनं तिला सांगत होते. मी आंबीलीचा पेला घेऊन कोपीभोवती फिरत होतो. एक वाजता म्हणालो, "चला घरी." बायको म्हणाली, "बसा की वं जरा. उंडं तरी गिळा."

तीन वाजता घरी पोचलो. मुलगी टाकीपुढं मांडी घालून बसली आणि बोटानं एकेक मोजायला लागली.

"चोवीस उघडीयत. सकाळी एकवीस होती." मग पांढऱ्यांकडं बोट नेत, "सगळी नाही वाचणार पप्पा. कडेची राहतील."

"तू पुण्याला घेऊन जा," मी म्हणालो. हे बोलायला मला सकाळपासून जमत नव्हतं.

तिनं मागं वळून बघितलं. "तिथं दिवसभर कोण बघणार त्याला? तुमच्यासारखं दर पाच मिनिटांनी उठून? इथंच राहू द्या. मला रोज फोटो पाठवा, मिटलेलं असलं तरी." आणि शेजारची जमीन थोपटून म्हणाली, "आता बसा."

मी बसलो. पाच मिनिटं तरी बसलो असेन.