मावसाजींचा वांग्यांचा वर्ग

चित्र काढता येत नाही असा माणूस देवाने जन्मालाच घातलेला नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी संपल्यावर, सत्तरच्या दशकात, मावसाजींनी प्रताप नगरातल्या महिला मंडळात फुकट वर्ग उघडला. तेवढ्याने भागेना, म्हणून भेटेल त्याच्या हातात पेन्सिल देऊ लागले. मावशीबरोबर इतवारीच्या बाजारात घागर घ्यायला गेले, तर गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना दुकानदारालाच रद्दी कागदावर घागर काढायला बसवलं. दोघेही अगदी रंगून गेले आणि घागर घ्यायची तेवढी राहून गेली. मावशी घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही, आणि तेही मावसाजींच्या लक्षात आलं नाही.

वर्गात पहिले कित्येक आठवडे फक्त वांगी. एका बाईंचं वांगं हुबेहूब उंदरासारखं उतरलं, तेव्हा सगळ्या हसल्या. मावसाजी गंभीरपणे म्हणाले, "हासून काहून राहिल्या? भरताचं वांगं असंच असते." त्या बाई पुढे वर्षभर टिकल्या. मात्र कुणाच्याही कागदाला ते स्वतः बोट लावत नसत. हात पाठीमागे घट्ट बांधून फिरायचे. मी तेव्हा शाळकरी, कागद वाटायला त्यांच्याबरोबर वर्गात जायचो; एकदा कारण विचारलं. "मी एक रेघ मारली का ते चित्र माह्यं झालं. मंग तिच्यापाशी काय उरलं?"

वर्गात एक तरुण बाई यायची. नवरा मिलमध्ये होता. मुलगी पोटात असतानाच तो वारला. त्याचा एकही फोटो नव्हता. मुलीला बाप दाखवायचा, एवढ्यासाठी ती इतके दिवस निमूटपणे वांगी काढत होती. शेवटी तिने चेहरा काढायला घेतला. काढला, खोडला, पुन्हा काढला, आणि रडकुंडीला येऊन कागद मावसाजींपुढे धरला.

"मास्तर, तुमीच काढून द्या. नाक कसं होतं ते मी सांगते."

"मी काढीन तो माह्या मनातला माणूस होईन, बाई. तुह्या पोरीचा बाप नाही," मावसाजी हळूच म्हणाले. "डोळे मिटले का तुले जे दिसते, ते काढ."

ती उठून गेली आणि यायची बंद झाली. "चार रेघा मारल्या असत्या तर तुमचं काय जात होतं?" मावशी चिडली. वर्गाच्या दिवशी मावसाजींचं अर्धं लक्ष दाराकडे असायचं.

दिवाळीनंतर ती आली, मुलीला घेऊन. कागदावर सायकलवर बसलेला एक पाठमोरा माणूस होता. चाकं लांबट, कॅरिअरला डबा, एक खांदा किंचित उतरलेला.

"तोंड काढाले बसली का निसटून जाते, मास्तर. रोज सकाळी दारातून मले त्यायची पाठच दिसे."

मुलगी कागदाकडे बघत म्हणाली, "बाबा कुठं चालले?"

"ड्यूटीले," आई म्हणाली, आणि तिथेच सतरंजीवर बसून त्याच्याबद्दल सांगू लागली. मावसाजींनी आम्हा सगळ्यांना खुणेने बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. पायरीवर बसून ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

मावसाजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातचं एकही चित्र आमच्या घरी नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ती मुलगी आता शहराबाहेर बेसाला राहते. मध्ये तिच्याकडे गेलो होतो. चित्र भिंतीवर आहे, आणि तिची मुलं त्या पाठीलाच आजोबा म्हणतात.