शालूताईची एका घराची ओपनिंग

लाखांदूरला आमच्या चहाच्या टपरीमागे रोज बुद्धिबळाचे दोन पट मांडले जातात. खेळ तासाभराचा, त्यावरचे किस्से आठवडाभराचे. त्यातले निम्मे दिघोरीच्या शालूताईचे. धानाची शेती सांभाळून ही बाई एसटीने येते आणि आम्हा सगळ्यांना हरवून जाते.

*

आमचा खेळ देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी माफ असते. शालूताईच्या हातात तेच बसलेलं.

यंदा तिने जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव दिलं. पहिल्या चारांत आलं की संघात जागा. मी नियमांचं पुस्तक आणून दिलं, तिने वाचलंही. तरी पहिल्याच फेरीत तिच्या राजाने टुणकन उडी घेतली! पंचांनी चाल मागे घ्यायला लावली आणि समोरच्याला दोन मिनिटं जास्त दिली.

"देऊन टाका," ताई म्हणाली. "त्याले लागतीनच."

तो डाव तिनेच जिंकला.

*

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याचे एक कोच समजवायला आले. "ताई, प्यादं दोन घरं टाका. या ओपनिंगने संघात येणं शक्य नाही."

"एक घर टाकनं नियमात बसत नाही का?"

"बसतं, पण..."

"मंग मले काहून सांगून राहिले?"

कोच माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना चहा सांगितला.

*

शेवटच्या फेरीआधी मीही प्रयत्न केला. म्हटलं, "ताई, संघात जायचंय ना? ऐक की जरा."

ती भडकली. "इतके वर्षं तुले याच चालीनं हरवलं, तवा त काही बोलला नाही तू."

मला लाज वाटली, कारण ते खरं होतं.

*

शेवटच्या फेरीत समोर त्याच कोचचा सगळ्यात तयार खेळाडू. जिंकली तर संघात, बरोबरी झाली तर घरी. त्याला बरोबरी पुरत होती. बाराव्या चालीलाच त्याने बरोबरीसाठी हात पुढे केला. ताईने तो घेतला नाही, एक प्यादं सरकवलं. एक घर.

दोन तासांनी त्याने राजा आडवा केला.

*

संघाचा फॉर्म भरताना पंचांनी विचारलं, "प्रशिक्षकाचं नाव?"

कोच हसत पुढे सरकले, खिशातून पेनही काढला.

"सुमनबाई लिहा," शालूताई म्हणाली. "माझी माय. आज धानाच्या रोवणीले गेली हाये. सही पाहिजे असंन त उद्या आणीन."