कापलेल्या चिठ्ठ्या

लमार झाइडर्सला लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. मी त्याला मूर्ख म्हणते, आणि तोंडावर म्हणते. छत्तीस वर्षं बाजारात आमच्या शेजारच्या जागेवर बसलेल्या माणसाला मूर्ख म्हणायचा हक्क मला नाही तर कोणाला? आणि मूर्खपणात मी त्याच्या मागे नाही, तेही आधीच सांगून टाकते.

आमच्या पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर आला की जुन्या गाड्यांचा बाजार भरतो. बाजारातली जागा एकदा मिळाली की माणूस ती मरेपर्यंत सोडत नाही, आणि मेल्यावर बायकोने सोडली तर लोक तिला नावं ठेवतात. माझा नवरा चेट आणि लमार, दोघांच्या जागा फाटकापासून चौथ्या रांगेत, एकमेकांना लागून. चेट जुने दिवे, भोंगे, मीटर असलं विकायचा. लमार विकायचा कमी आणि शोधायचा जास्त. पूर्वी तिथे चिखलाचं रान होतं. गुडघाभर चिखलात हे दोघे गंजलेल्या लोखंडाचे ढीग उचकटत फिरायचे, आणि मी ट्रकच्या मागे बसून थर्मासमधलं चिकन-मक्याचं सूप ओतून द्यायची. आता सगळं डांबरी झालंय. चिखल गेला, वेड गेलं नाही.

लमार शाळेच्या बसगाड्यांचा मिस्त्री. लग्न केलं नाही. आधी आईचं दुखणं काढलं, मग गाडीचं. एकोणीसशे एकाहत्तर साली पलीकडच्या खोऱ्यात एका खुराड्याखाली त्याला एक सांगाडा सापडला. वर कोंबड्या, खाली डेटवायलर गाडी. शेजारच्याच गावात कधीकाळी तिचा कारखाना होता, तीन वर्षं चालला आणि बुडाला. जगात अशा तीन गाड्या शिल्लक, त्यातली एक लमारची. कोंबड्यांनी चाळीस वर्षं तिच्यावर काय केलं होतं ते सांगायला नको. लमारने ती घासली, धुतली, एकेक भाग शोधून आणला. चाकाचे लाकडी आरे घोडागाड्या बनवणाऱ्या आमिश पंथाच्या सुताराकडून करून घेतले. पितळी दिवे मिळवायला अकरा वर्षं घातली. शेवटी राहिला फक्त कार्ब्युरेटर. डेटवायलरवाले तो स्वतः ओतायचे, पितळेचा, मुठीएवढा, आणि तो काही कुठे मिळेना.

"अरे बाबा, दुसरा कुठलाही बसव की," चेट दर वर्षी म्हणायचा. "उद्या गाडी सुरू होईल."

"तू दुसऱ्याच्या कवळीने जेवशील?" लमारचं ठरलेलं उत्तर.

"भूक लागली तर जेवेन!"

"मग तुझी भूक मोठी आणि अक्कल छोटी."

हे असं वीस वर्षं चाललं. बाजारात हौशी लोक पाठीवर पाटी अडकवून फिरतात, आपल्याला अमुक भाग हवाय म्हणून. लमारच्या पाठीवर कधी डेटवायलरचं नाव नसायचं. त्याच्या पाटीवर आपलं काहीतरी दुसरंच, 'भोंग्याचा फुगा हवा' वगैरे. गरज दिसली की भाव चढतो म्हणे. गाडी अडलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण नेमकी कशावाचून अडलीय ते चेटशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आणि चेटकडून मला. कारण चेटच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. निदान मी तसं समजत होते.

दोन हजार पाच सालच्या मार्चमध्ये डॉक्टरांनी लमारला सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. त्याला समोरचं दिसेना. कडेचं दिसे, म्हणून तो कोंबडीसारखी मान तिरकी करून बघायला लागला. शाळेच्या बसगाड्यांचं काम तर सुटलंच होतं, आता नोव्हेंबरात गाडी चालवायचा परवानाही जाणार होता.

"एकदाच," मे महिन्यात तो आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला. "घरापासून नदीच्या पुलापर्यंत आणि परत. माझ्या हाताने. शेजारी बसून नाही."

"मग आता तरी कवळी बसव!" मी ओरडले.

"नाही."

चेट हसला आणि अ‍ॅपल पायचा तुकडा त्याच्याकडे सरकवत म्हणाला, "मिळेल रे. या ऑक्टोबरात मिळेल. लिहून ठेव."

मला वाटलं, आजारी माणसाला धीर देतोय.

ऑगस्टमध्ये चेट कोठारात, आपल्या सामानातच कोसळला. मी जेवायला हाका मारत होते. तिसऱ्या हाकेला मला राग आला, आणि रागानेच मी तिकडे गेले. तो राग अजून गेलेला नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला काय ठेवलं, तर कोठारभर भंगार! मी ठरवलं, या ऑक्टोबरात सगळं बाहेर काढायचं. खिळासुद्धा ठेवायचा नाही.

आमच्या बाजारात रीत आहे. शेजारी मेला तर त्याचा माल शेजाऱ्याने विकून द्यायचा. पण विकणाऱ्याने त्यातलं स्वतःला काही घ्यायचं नाही, उचकटून बघायचंही नाही. विधवेच्या मालातलं चांगलंचुंगलं शेजाऱ्याने आधी लाटलं, असं कोणी म्हणायला नको. लमार ही रीत देवाच्या आज्ञेसारखी पाळणारा. तो आठवडाभर आधी आला, कोठाराच्या दारात उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच मला शहाणपण सांगितलं.

"नॅडीन, एक काम कर. चेटने प्रत्येक वस्तूला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय ना? त्या सगळ्या काप."

"का?"

"त्यावर त्याने केवढ्याला घेतलं ते अक्षरांत लिहिलंय. एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. त्याची ती खूण बाजारातले निम्मे लोक आता ओळखतात. खरेदीचा भाव कळला की ते तुला लुबाडतील. मी असताना तुला कोणी लुबाडणार नाही."

भला माणूस! मी कात्री घेतली. दोन दिवस बसून कापत होते. मला ती अक्षरं म्हणजे काळ्या मुंग्या. वाचायची कशाला? कट, कट, कट. सगळ्या चिठ्ठ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि डबा फळीवर ठेवून दिला.

बुधवारी सकाळी बाजार उघडला. धुकं होतं, तळणाचा वास होता, आणि लमार चेटच्या खुर्चीवर न बसता शेजारी उभा होता. खोकी मांडली. तो मान वाकडी करून भाव सांगत होता आणि एकाला म्हणून सोडत नव्हता. दुपारपर्यंत अर्धा माल गेला. मला पहिल्यांदाच त्या माणसाचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात ड्वाइट रेबर आला. ड्वाइट म्हणजे व्यापारी. त्याला गाड्या आवडत नाहीत, विकता येतात. त्याने मीटरांचं एक खोकं पायाने पुढे सरकवलं.

"चाळीस डॉलर."

"पन्नास," लमार म्हणाला. "आणि पाय लावू नकोस. मेलेल्या माणसाचं आहे."

"चाळीस. निम्म्या काचा फुटल्यात, तुम्हाला दिसत नाहीत म्हणून काय झालं?"

आजूबाजूचे हसले. लमारचे कान लाल झाले. त्याने चाचपडत शेजारच्या खोक्यातून तेलकट चिंधीत गुंडाळलेली, सुतळीने करकचून बांधलेली एक वस्तू उचलली आणि ड्वाइटच्या खोक्यात टाकली.

"हे वरती घे. पन्नास."

"काय आहे यात?"

"मी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. चेटने बांधलंय म्हणजे भंगार नसणार. घ्यायचं तर घे."

ड्वाइटने हात पुढे केला. लमारने तो पकडून हलवला. आमच्याकडे तिथे व्यवहार संपतो. कागद नाही, पावती नाही, हातात हात दिला की देवाचा बापही तो सौदा मोडू शकत नाही. हे लमारच सगळ्यांना शिकवायचा. पन्नासची नोट माझ्याकडे देताना त्याचा चेहरा असा खुलला होता, जणू त्याने माझं घर वाचवलं.

ड्वाइटने तिथेच चाकूने सुतळी कापली.

मला काही कळलं नाही. पितळेचं काहीतरी होतं, मुठीएवढं. ड्वाइट खाली वाकला, मग त्याने शीळ घातली. "अरे वा! डेटवायलर! ओतीव नाव आहे की यावर!"

लमारने मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली. मग हात पुढे केला, आणि का कोण जाणे, ड्वाइटने ती वस्तू त्याच्या हातात दिली. लमारची बोटं तिच्यावरून एकदा फिरली. चौतीस वर्षं जी वस्तू त्याने फक्त जुन्या पुस्तकातल्या चित्रात बघितली होती, ती त्याच्या बोटांनी ओळखली.

"ड्वाइट," तो म्हणाला. "हे राहू दे. खोकं फुकट ने. पन्नास परत घे."

"हात दिलाय, लमार."

"माहीत आहे."

"मग? तुम्हीच सांगता ना, हात दिला की दिला?"

मी मध्ये पडले. "ड्वाइट, लाज बाळग! माझा माल आहे, मी म्हणते परत दे!"

"मिसेस हॉफर, तुमच्या वतीने त्यांनीच विकला ना? मग तुमचाच शब्द झाला तो." त्याने लमारच्या हातातून कार्ब्युरेटर हळूच सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी सावकाश. "हा मी विकणार नाही. पण तुमची गाडी विकत घेईन. चांगले पैसे देईन. विचार करा. तसंही तुम्ही आता चालवणार थोडेच?"

लमारने त्याला अशा शिव्या घातल्या की चार जागांवरचे लोक वळून बघायला लागले. ड्वाइट खोकं उचलून गेला. मला वाटलं, लमार रडेल. रडला असता तर बरं झालं असतं. तो वळला आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत म्हणाला, "कोठारात होता. तुमच्या कोठारात!"

"लमार, मला खरंच..."

"तुला नसेल माहीत. त्याला होतं! दर वर्षी मला चिखलातून फिरवलं आणि संध्याकाळी विचारायचा, मिळाला का रे? घरी याच्याकडे चिंधीत बांधलेला! मग डोळे चालले तेव्हा दया आली त्याला. या ऑक्टोबरात मिळेल म्हणे! माझ्याकडून काय उपटायचा बेत होता, देव जाणे."

"चेट असा नव्हता."

"मग कसा होता? सांग."

आणि मला सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. त्या कोठारात काय काय होतं ते मला कधीच माहीत नव्हतं. नवरा जाऊन दोन महिने झाले नव्हते, आणि मी भर बाजारात त्याची बाजू घेऊ शकले नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

नोव्हेंबरात परवाना गेला. त्याआधी महिनाभर हातात होता. मी दोनदा जाऊन सांगितलं, दुसरा कार्ब्युरेटर बसव, पुलापर्यंत जाऊन ये, मेल्या. त्याने शेडचं दारही उघडलं नाही. डिसेंबरात गाडी ड्वाइटला दिली. महिन्याभरात ती सुरू झाली, असं ऐकलं. मी बघायला गेले नाही.

फेब्रुवारीत मला बटणं ठेवायला डबा हवा होता. फळीवरचा कॉफीचा डबा काढला आणि चिठ्ठ्या शेगडीत ओतायला लागले. तेव्हा दिसलं की एका चिठ्ठीवर मुंग्या नव्हत्या, सरळ लिहिलेलं होतं. चेटचं डावीकडे झुकलेलं अक्षर. एका बाजूला: 'लमारचा. ओहायोतल्या लिलावात घेतला, १६ एप्रिल २००५. बुधवारी सकाळी द्यायचा. तोवर तोंड बंद.' दुसऱ्या बाजूला: 'किंमत: पुलापर्यंत शेजारची सीट.'

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले. चेट गेल्यावर रडले नव्हते तेवढी. मग कोट घातला आणि बर्फातून लमारकडे गेले.

तो खिडकीपाशी बसला होता. आता त्याला कडेचंही फारसं दिसत नव्हतं. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली, परत घेतली, मोठ्याने वाचली. दोन्ही बाजू वाचल्या आणि पुन्हा त्याच्या हातात ठेवली. मग सांगितलं, "ही मी कापली. तू सांगितलंस म्हणून कापली. न वाचता."

त्याने पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला.

"पुन्हा वाच."

मी त्याच्या खांद्यावरून वाकून पुन्हा वाचलं.

"बरं जमवलंयस, नॅडीन," तो म्हणाला. "बायकोने नवऱ्याचं नाव राखावं. माझी आई असती तर तिनेही असंच लिहून आणलं असतं."

"मी लिहिलेलं नाही! लमार, देवाशपथ! कोणाकडूनही वाचून घे. पाद्रीबाबांकडून घे. पोस्टातल्या मुलीकडून घे."

"ते वाचतील की. तेच शब्द वाचतील. पण हे अक्षर चेटचं, असं कोण सांगणार? बाजारवाल्यांनी त्याची खूण बघितलीय, सरळ लिहिलेलं नाही. ते, तुझ्याशिवाय, ओळखणारा मी एकटा होतो." त्याने चिठ्ठी चाचपडत टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे ढकलली. "सूप आणलंयस का? वास येत नाहीये."

मी म्हटलं, नाही आणलं.