ठोकळ्यांवरून जळगाव जामोद

गुलाम रसूल चाचाले कोणी चोर म्हटलं तर त्याले माह्या टपरीवर चहा मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

डोणगावात भाऊराव मालकाच्या कापसाच्या जुन्या जिनिंगसमोर माही टपरी आहे. जिनिंग बंद पडून जमाना झाला, पण चाचा तिथंच राहतो. जन्मभर भाऊरावचे ट्रॅक्टर त्यानंच दुरुस्त केले. भाऊराव गेले. त्याईचा पोरगा हरिओम पुण्यात मोठा साहेब झाला आन् त्यानं इटलीची गाडी घेतली. लालभडक, दोनच शिटा, आन् जमिनीले अशी चिकटून की खालून मांजर जाणार नाही. हौसेनं गावात आणली तर पहिल्याच ब्रेकरवर पोट घासलं. मंग "चाचा, सांभाळा" म्हणून जिनिंगच्या शेडात ठेवली आन् पोरगा गेला परदेशात. हौसेले मोल नसते बाप्पा, पण रस्ता तरी पाहावा ना माणसानं!

टायर दबू नये म्हणून चाचानं तिले सागाच्या ठोकळ्यांवर चढवलं. दर शुक्रवारी नमाज पढून आला की शेडची दोन्ही दारं सताड उघडायचा, गाडी चालू करायचा आन् गिअर टाकायचा. चारी चाकं हवेत गरगर. उभी मशीन जाम होते, हा त्याचा ट्रॅक्टरवरचा कायदा.

त्याची बायको शाहजादीभाबी. तिचा मणका गेलेला. डॉक्टरनं सांगितलं, धक्का बसू द्यायचा नाही. मंग एसटी नाही, ऑटो नाही, जीप तर नाहीच नाही. माहेर तिचं जळगाव जामोद. मणका धड होता तोवर ईद झाली की भाऊ "चल आपा" म्हणत न्यायले यायचा. तो वारला, आन् भाबी खाटेवर पडल्या पडल्या म्हणायची, "एक बार घर देखना था रे."

एका शुक्रवारी चाचानं तिले उचलून त्या गाडीत बसवलं. ना खड्डा, ना ब्रेकर! भाबी डोळे मिटून घ्यायची आन् चाचा सांगायचा, "ये मेहकर आया. ये खामगाव का बाजार, मिर्ची देख ले." दर शुक्रवारी जरासंच पुढं. नांदुऱ्यात तर मुक्कामच ठोकला त्यानं.

मी विचारलं, "काऊन हो चाचा, जळगाव काऊन येऊन नाही राह्यलं?"

हळूच म्हणे, "पोचलो का मंग काय सांगू, बाई? दारात कोण उभं आहे म्हणून सांगू?"

अशात हरिओमनं गाडी विकायले काढली. नावालेच चाललेली आहे, अशी जाहिरात दिली. हैदराबादचा एक गिऱ्हाईक ट्रक घेऊन आला, हरिओमही आला. गिऱ्हाईकानं मीटर पाह्यलं, मोबाईलात जाहिरातीतला मीटरचा जुना फोटो पाह्यला. "ये तो बढ़ा हुआ है," म्हणे.

हरिओमचं तोंड उतरलं. "चाचा, गाडी कोणाले दिली होती?"

चाचा वाकून मीटर पाहू लागला. ट्रॅक्टरचं मीटर इंजिन चालल्याचे तास मोजते, गाडी उभी असली तरी. हेही तसंच असन, असं समजून होता तो. कारचं मीटर चाकाचे फेरे मोजते, हे त्याले कुठून ठाऊक! जन्माचं इमान चाललं होतं डोळ्यादेखत. पण तोंड उघडावं तर मालकाच्या गाडीत न विचारता बायकोले बसवलं, हेही सांगा लागत होतं.

तेवढ्यात शेडातल्या खाटेवरून भाबीच बोलली, "हम निकले थे बेटा. जळगाव जामोद जाने को."

"देखो!" गिऱ्हाईक म्हणाला.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देखो काय देखो! चाकाखाली पाहा आधी!" हातातली किटली मी खाली आदळली.

तो वाकला. चाकं जमिनीपासून वीतभर वर, ठोकळ्यांवर धूळ, कोळ्यानं विणलेली जाळी. मंग मी सारं सांगून टाकलं, शुक्रवार, मेहकर, मिर्ची, नांदुरा, आन् दारात आता भाऊ नाही तेही. सांगता सांगता मलेच रडू आलं.

"मतलब मीटर से भी कम चली है," गिऱ्हाईक म्हणाला आन् उगाच चष्मा पुसत बसला.

हरिओमनं चाचाचे हात धरले. "माफ करा चाचा."

"गाडी तुही, चूक माही," चाचा म्हणे. "इचारायले पाह्यजे होतं."

हरिओम भाबीपाशी बसला. "चाची, आता खरंच नेतो तुमाले."

"नको रे. कमर नहीं सहती." मंग लाजून म्हणाली, "नांदुरा तक पहुँचे थे. थोडासाच रह गया."

मीटर अजून चढणार हे माहीत असून गिऱ्हाईकच म्हणाला, "चलाइए चाचा."

चाचानं भाबीले उचलून बसवलं. चाकं फिरली. "ये येरळी का पुल. पूर्णा को पानी है, देख." मंग सातपुडा दिसला. मंग गाव लागलं. "ये तेरी गली," चाचा म्हणाला आन् थांबला. पुढचं त्याच्यानं बोलवेना. त्यानं ब्रेक दाबला, चावी फिरवली.

हरिओम उठला. भाबीच्या बाजूचं दार त्यानं बाहेरून उघडलं आन् वाकून हात पुढं केला.

"आ गई आपा? कब से राह देखरा मैं."

भाबीनं डोळे न उघडता त्याचा हात धरला. "आई रे," म्हणे, "जरा देर हो गई."